दुसऱ्या कादंबरीला काय ठाऊक असते?

प्रश्नकर्त्याने आपली अडचण नेमकेपणाने सांगितली आहे. पुढचे उत्तर समजावे म्हणून ती आधी थोडक्यात मांडते. त्यांची पहिली कादंबरी लिहून झाली आहे. तिचा निवेदक पन्नाशी ओलांडलेला बँक अधिकारी असून त्याचे बालपण लालबागच्या एका चाळीत गेले. गिरणी संपाच्या काळात, तो बारा वर्षांचा असताना, एका संध्याकाळी शेजारचा संपकरी कामगार दारात आला आणि वडील कुठे आहेत असे त्याने विचारले. मुलाने जे खरे होते तेच सांगितले: बाबा गिरणीत गेलेत. वडिलांनी गुपचूप कामावर जायला सुरुवात केली होती. त्यानंतर चाळीत तोंड दाखवणे त्यांना अशक्य झाले, ते कोकणातल्या गावी निघून गेले आणि पुन्हा कधी कुटुंबात राहायला आले नाहीत. दादरच्या एका समुपदेशकाकडे जाऊ लागल्यावर निवेदकाला उमगते की आपले सगळे आयुष्य त्या एका वाक्याच्या अपराधभावावर उभे राहिले आहे. आता लेखकाला दुसरी कादंबरी बहिणीच्या आणि तिसरी त्या शेजाऱ्याच्या बाजूने लिहायची आहे. मात्र दुसरीचा अर्धा खर्डा ज्यांनी वाचला, ते म्हणतात की हे सगळे आम्ही आधीच वाचले आहे. म्हणून प्रश्न असा आहे की ही त्रयी करावी की एकच मोठी कादंबरी, आणि एका घटनेतून तीन माणसांचा आत्मशोध पुनरुक्ती न होता कसा लिहावा.

मुंबईत कथात्म साहित्याच्या हस्तलिखितांचे संपादन मी बरीच वर्षे करते आहे आणि परस्परांत गुंतलेल्या कादंबऱ्यांची योजना घेऊन येणारे लेखक मला नवे नाहीत. त्यांतले बहुतेक जण 'किती भाग' या प्रश्नापासून सुरुवात करतात. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. तुमच्या वाचकांची तक्रार घटना पुन्हा आल्याबद्दल नसावी, असा माझा अंदाज आहे. महाभारतातले द्यूत आपण किती जणांच्या तोंडून ऐकले आहे, तरीही कंटाळत नाही. तक्रार बहुधा अशी आहे की बहीणसुद्धा भावाचाच प्रश्न विचारते आहे: त्या संध्याकाळी काय झाले आणि त्याचा दोष कोणाचा? प्रश्न तोच असेल तर निवेदक बदलून फारसे काही बदलत नाही. माहिती थोडी वाढते, पण मन दुसरे दिसत नाही.

काही गोष्टी संहिता वाचल्याशिवाय मला सांगता येणार नाहीत, हे मान्य करते. बहिणीचा आवाज तुमच्या कानात स्वतंत्रपणे घुमतो आहे की नाही, पहिल्या कादंबरीत तुम्ही किती गोष्टी उलगडून टाकल्या आहेत, आणि आणखी चार-पाच वर्षे याच माणसांबरोबर राहण्याची तुमची तयारी आहे का, यावर बरेच काही अवलंबून आहे. ही कथा तुमच्या स्वतःच्या घरातून आली असेल तर आणखी एक गोष्ट येते. पहिल्या कादंबरीत तुम्ही स्वतःविषयी लिहिले, दुसरीत तुम्ही हयात असलेल्या बहिणीच्या मनाविषयी लिहिणार आहात. ते तिच्याशी बोलल्याशिवाय करू नये, असे मला वाटते. तिने नकार दिला तर पात्राला आपल्या घरापासून पुरेसे दूर न्यावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एकमेकींत गुंतलेल्या मनोविश्लेषणात्मक कादंबऱ्या ढोबळमानाने दोन प्रकारांनी बांधल्या जातात. पहिल्या प्रकारात एकच मन काळाच्या ओघात पुढे जाते. आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे भालचंद्र नेमाडे यांचे चांगदेव चतुष्टय: 'बिढार' आणि 'हूल' १९७५ मध्ये आल्या, 'जरीला' १९७७ मध्ये आणि 'झूल' १९७९ मध्ये. या चारही कादंबऱ्यांना जोडणारा धागा कथानकाचा नाही. चांगदेव पाटील गावे बदलतो, महाविद्यालये बदलतो, पण त्याचे उपरेपण त्याच्याबरोबर फिरत राहते. प्रत्येक नव्या गावात तोच प्रश्न वेगळ्या उजेडात येतो. तुमची योजना या प्रकारची नाही. तुमच्या निवेदकाला त्याचे उत्तर मिळाले आहे, निदान मिळाल्यासारखे वाटते आहे, आणि तुम्ही त्याला पुढे चालवू इच्छित नाही.

दुसरा प्रकार तुमचा आहे: घटना एक, मने अनेक. त्यातही दोन वाटा आहेत आणि त्या वेगळ्या ओळखणे तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे. एक वाट लॉरेन्स डरेल या ब्रिटिश लेखकाच्या अलेक्झांड्रिया चतुष्टयाची (१९५७ ते १९६०). तिथे पहिल्या कादंबरीत निवेदक डार्ली जस्टिनवरच्या आपल्या प्रेमाची हकीकत लिहितो, आणि दुसऱ्या कादंबरीत त्याचा मित्र बाल्थझार त्याचे हस्तलिखित वाचून त्यात जागोजागी दुरुस्त्या करून ते परत पाठवतो. त्या दुरुस्त्यांवरून कळते की जस्टिनचे मन दुसऱ्याच माणसात गुंतले होते आणि डार्ली हा केवळ आडोसा होता. तिसरी कादंबरी तृतीयपुरुषी निवेदनात जाऊन त्याच घटनांमागचे राजकारण उघड करते, आणि काळ खऱ्या अर्थाने पुढे सरकतो तो चौथीत. दुसऱ्याच्या हस्तलिखितात दुरुस्त्या करणे हा माझा व्यवसायच असल्यामुळे ही कल्पना मला अर्थातच मोहात पाडते, पण तुम्हाला मी ती सुचवणार नाही. प्रत्येक पुस्तकाने आधीच्या पुस्तकाची माहिती खोडून काढायची असे ठरवले की वाचक हळूहळू गुप्तहेर होतो. त्याला माणसापेक्षा पुराव्यात रस वाटू लागतो. डरेलने तो धोका शहराच्या आणि भाषेच्या वैभवावर पेलून नेला. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत घडणाऱ्या कथेला तो पेलवेल, असे वाटत नाही.

दुसरी वाट रॉबर्टसन डेव्हिस या कॅनेडियन लेखकाच्या डेप्टफर्ड त्रयीची (१९७०, १९७२, १९७५). तुमची मूळ घटना त्या त्रयीच्या इतक्या जवळची आहे की तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते. कथानक आधी कळलेले ज्यांना खपत नाही, त्यांनी हा परिच्छेद आणि पुढचा सोडून द्यावा. २७ डिसेंबर १९०८ च्या संध्याकाळी डेप्टफर्ड या लहानशा गावात एक मुलगा आपल्या मित्राच्या दिशेने बर्फाचा गोळा फेकतो. गोळ्यात दगड दडवलेला असतो. मित्र, म्हणजे डन्स्टन रॅम्झी, अंग चुकवतो आणि गोळा मिसेस डेम्पस्टर या गरोदर बाईला लागतो. तिचे मूल अकाली जन्मते आणि तिच्या मनाचा तोल पुन्हा सावरत नाही. पहिली कादंबरी म्हणजे निवृत्त शिक्षक झालेल्या रॅम्झीने आपल्या मुख्याध्यापकाला लिहिलेले दीर्घ पत्र आहे, आणि त्यात 'मी अंग चुकवले' हीच त्याच्या अपराधभावाची मुळी आहे. इथपर्यंत तुमची कादंबरी त्याच वाटेवर आहे: ज्याने प्रत्यक्ष काही वाईट केले नाही, तोच ओझे वाहतो.

खरी शिकण्यासारखी गोष्ट दुसऱ्या कादंबरीत आहे. ती गोळा फेकणाऱ्याच्या मुलाची, डेव्हिडची आहे. हा यशस्वी वकील, दारूच्या आहारी गेलेला, वडिलांच्या गूढ मृत्यूनंतर झ्यूरिकला जाऊन कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीचे मनोविश्लेषण करून घेतो. डेव्हिडच्या मनात बर्फाच्या गोळ्याला जवळजवळ जागाच नाही, कारण त्याची हकीकत त्याला फार उशिरा समजते. त्याचा सगळा झगडा वडिलांच्या प्रतिमेशी आहे. तिसऱ्या कादंबरीत ते अकाली जन्मलेले मूल जगप्रसिद्ध जादूगार होऊन आपली कहाणी सांगते, आणि तिथे भर आहे तो सर्कशीतल्या, रंगभूमीवरच्या हालअपेष्टांतून घडलेल्या कारागिरीवर. म्हणजे एकाच्या आयुष्यात जी घटना केंद्रस्थानी आहे, ती दुसऱ्याच्या आयुष्याला कडेने स्पर्श करून जाते आणि तिसऱ्याच्या बाबतीत ती त्याच्या जन्माआधीची गोष्ट आहे. प्रत्येकाच्या आत्मशोधाचा आस वेगळा आहे. म्हणूनच तिन्ही पुस्तके वाचताना पुनरुक्तीची भावना होत नाही, आणि कुठलेही एक पुस्तक वाचून थांबले तरी ते अपुरे वाटत नाही.

यावरून तुमच्या बहिणीकडे येऊ. तुमच्या वर्णनावरून दिसते की तिच्या कादंबरीची सुरुवातही त्या संध्याकाळच्या दारावरच्या थापेपासूनच आहे. ती थाप तिथून काढा. बहीण त्या वेळी पंधरा वर्षांची आहे आणि घर एका खोलीचे आहे. म्हणजे ती तिथेच होती आणि तिने सगळे ऐकले. पण ऐकले म्हणून तिच्या आयुष्यात ती संध्याकाळ सर्वांत मोठी ठरते, असे नाही. तुम्ही ओझरते लिहिले आहे की आई घरी खाणावळ चालवत असे. पहिल्या कादंबरीत ही बाब दोन ओळींत संपली असणार, कारण भावाला ती पार्श्वभूमीसारखी दिसली. माझ्या दृष्टीने तुमची दुसरी कादंबरी त्या दोन ओळींत आहे.

गिरणगावातली खाणावळ ही काय चीज होती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. घाटावरून आणि कोकणातून आलेले एकटे कामगार महिन्याच्या बोलीवर जेवत, आणि पाळ्यांच्या वेळा सांभाळत पहाटेपासून रात्रीपर्यंत बायका स्वयंपाक करत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच खाणावळवाल्या बायकांना संघटित करून. आता संपाचा विचार करा. पगार बंद झाले, एकटे राहणारे कामगार गावाकडे गेले आणि जे राहिले त्यांची उधारी वाढत गेली. खाणावळवाल्या घरावर हा मार दुहेरी होता: वडिलांचा पगार गेला आणि आईची गिऱ्हाइकेही गेली. पंधरा वर्षांच्या मुलीला हे सगळे माहीत असते, कारण पोळ्या ती लाटते, पाणी ती भरते आणि उधारीची वहीही बहुधा तीच लिहिते. वडील कामावर परत का गेले, याचे उत्तर त्या वहीत आहे. कदाचित आईनेच त्यांना जायला सांगितले असेल. दारात आलेला तो शेजारी त्याच खाणावळीत उधारीवर जेवत असेल, हेही शक्य आहे. आणि मला आणखी एक शंका येते. जिथे नळ सामाईक, गॅलरी सामाईक, शौचालय सामाईक, तिथे एखादा माणूस गुपचूप गिरणीत जातो हे चाळीला कळल्यावाचून राहते का? शेजाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असावे. तसे असेल तर बारा वर्षांच्या मुलाच्या त्या वाक्याने काहीच बदलले नाही.

हे बहिणीला तेव्हापासून माहीत होते आणि तिने कधी सांगितले नाही, कारण तिला कोणी विचारले नाही. तिचा स्वतःचा प्रश्न निराळा आहे: शाळा माझीच का सुटली? भाऊ चाळीस वर्षे आपल्या अपराधाचा विचार करू शकला, शिकू शकला, अधिकारी होऊ शकला, याची किंमत कोणी दिली? हा प्रश्न पहिल्या कादंबरीतल्या एकाही तपशिलाला खोटे पाडत नाही, तरीही पहिल्या कादंबरीकडे पाहण्याची वाचकाची नजर त्याने बदलते. दुसऱ्या पुस्तकाकडून मी हीच अपेक्षा करते. तिच्या पुस्तकात ती संध्याकाळ अर्ध्या पानात येऊन जाऊ द्या, तीही बहुधा कणीक मळण्याच्या आणि दिवा लावण्याच्या मध्ये कुठेतरी. वाचक ती लगेच ओळखेल. त्याला पहिली कादंबरी आठवेल आणि बहिणीला तिचे फारसे काही वाटत नाही, याचा धक्का त्याला त्या अर्ध्या पानातच बसेल.

इथे एक सावधगिरी सांगते, कारण बहिणीच्या या ज्ञानाचा वापर चुकीच्या तऱ्हेने करण्याचा मोह होईल. 'भावाने सांगितले ते सगळे गैरसमजावर आधारलेले होते' असा शेवट करून पहिली कादंबरी रद्द करू नका. अपराधाचे कारण खोटे निघाले तरी त्या अपराधभावाखाली घडलेले आयुष्य खरे असते. त्याने लग्न केले नाही, दर महिन्याला गावी पैसे पाठवले, कोणाशीही स्पष्ट बोलण्याचे टाळले, हे सगळे घडले आहे. आपल्याविषयी त्याला जे उमगले तेही त्याच्यापुरते खरे आहे, फक्त ते पुरेसे नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी धरून ठेवता आल्या तर तुमच्या कादंबऱ्या खऱ्या अर्थाने एकमेकींत गुंतल्या असे मी म्हणेन. हे सगळे दुसऱ्या कादंबरीत भाऊ-बहिणीच्या एका मोठ्या संभाषणातून उलगडावे, असे तुम्हाला वाटू शकेल. माझा सल्ला असा की ते संभाषण घडवूच नका. भावाला ते कधीही कळू नये. वाचकाला कळले की पुरे.

आता कामाच्या पद्धतीविषयी. अशा संहितांवर काम करताना मी लेखकाकडून आधी एक तक्ता करून घेते. डावीकडे घटना कालक्रमाने मांडायच्या, आणि प्रत्येक पात्रापुढे तीन गोष्टी लिहायच्या: त्याला हे ठाऊक आहे का, केव्हा कळले, आणि तो इतरांना काय सांगतो. बरेच लेखक या कामाला कंटाळतात आणि सर्जनशीलतेचा मुद्दा काढतात. परंतु तिसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर कोणाला काय माहीत आहे याचा गोंधळ झाला की सर्जनशीलता उपयोगी पडत नाही. या तक्त्यात तपशिलांचे दोन वर्ग स्पष्ट ठेवावे लागतात. काही तपशील अढळ असतात आणि ते तिन्ही पुस्तकांत सारखेच राहिले पाहिजेत. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि तो रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. हे कोणत्याही पात्राच्या स्मरणशक्तीवर सोडता येणार नाही. उलट त्या संध्याकाळी पाऊस होता की नाही, शेजारी एकटा आला होता की दोघे आले होते, मुलाच्या हातात काय होते, या गोष्टी तिघांना वेगवेगळ्या आठवू द्या आणि त्यांचा निवाडा करू नका. अढळ तपशिलांत घोळ झाला तर वाचक त्याला लेखकाची चूक समजतो, आणि मग स्मृतीतले हेतुपुरस्सर फरकही त्याला चुकाच वाटू लागतात.

तुमच्याच कथेतला एक प्रश्न विचारते. शेजारी संध्याकाळी आला तेव्हा वडील गिरणीत होते, म्हणजे ते दुसऱ्या पाळीला गेले असणार. संपाच्या काळात तुमच्या डोळ्यासमोर असलेली गिरणी अंशतः चालू होती का, असल्यास केव्हापासून आणि किती पाळ्यांत, हे तपासून घ्या. वडील संपाच्या पहिल्याच आठवड्यात फुटले की काही महिन्यांच्या उपासमारीनंतर गेले, याने माणूसच बदलतो. त्यासाठी दादर पूर्वेला नायगावमध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात बसून जुनी नियतकालिके चाळण्याला पर्याय नाही. शिवाय मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींवरून सिद्ध केलेला मौखिक इतिहास (२००४) जरूर वाचा. एकाच संपाविषयी नेते, कामगार आणि बायका किती निरनिराळ्या सुरांत बोलतात, ते तिथे ऐकू येते, आणि तुम्हाला नेमके तेच सूर हवे आहेत.

सुरांवरून आठवले. तीन निवेदक वेगळे वाटावेत म्हणून लेखक अनेकदा एकाला बोलीभाषा देतात, दुसऱ्याला प्रमाणभाषा आणि तिसऱ्याला शिव्या. हा उपाय वरवरचा आहे. नात्याच्या हाका याहून पुष्कळ काम करतात. तुमच्या निवेदकाची 'आई' शेजाऱ्याची 'वहिनी' आहे, जेवायला येणाऱ्या कामगारांची 'मावशी' आहे, आणि बहिणीच्या तोंडी ती आई असली तरी तिची हाक भावाच्या हाकेसारखी असणार नाही. वडिलांनाही शेजारी 'गाववाले' म्हणत असेल आणि त्या संध्याकाळनंतर कदाचित नुसत्या आडनावाने बोलवू लागला असेल. एवढ्या एका बदलातून सगळा बहिष्कार सांगता येतो. मी एक साधी चाचणी करते: प्रत्येक खर्ड्यातली चार पाने घेऊन त्यांतली नावे झाकायची आणि निवेदक कोण ते ओळखता येते का, हे पाहायचे. ओळखता आले नाही तर दोष भाषेचा नसतो. दोन्ही पात्रे एकाच गोष्टींकडे पाहत असतात, तिथे दोष असतो. भाऊ दाराकडे पाहतो. बहीण चुलीकडे, वहीकडे, घड्याळाकडे पाहील.

समुपदेशकाच्या प्रसंगांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी बोलते, कारण आत्मशोधाच्या मराठी हस्तलिखितांत हल्ली हे प्रसंग वारंवार दिसतात आणि बहुतेक वेळा तिथेच कादंबरी बसकण मारते. निवेदक आठवण सांगतो, समुपदेशक तिचा अर्थ सांगतो, निवेदक रडतो आणि प्रकरण संपते. वाचकाने जे स्वतः ओळखायचे ते त्याला निदानासारखे हातात मिळते. डेव्हिसची दुसरी कादंबरी जवळजवळ पूर्णपणे विश्लेषणाच्या बैठकींनी बनलेली आहे, युंगच्या संकल्पना तिथे उघडपणे येतात, आणि तरीही निर्णायक बदल त्या खोलीत होत नाही. तो होतो डोंगरातल्या एका गुहेत. आदिमानवाने अस्वलाची पूजा केल्याच्या खुणा तिथे आहेत, आणि अंधारातून सरपटत बाहेर येताना हा सुसंस्कृत वकील भीतीने अक्षरशः आपले कपडे घाण करतो. स्वतःविषयी इतके दिवस बोलून त्याला जे मिळाले नाही, ते त्याच्या देहाला त्या क्षणी मिळते. तुमच्या निवेदकाला दादरच्या त्या खोलीतून बाहेर काढा. उमज कुठे पडावी हे मी सांगणार नाही, पण समुपदेशकाच्या तोंडचे शेवटचे स्पष्टीकरण कापून पाहा. माझा अनुभव असा आहे की ते कापल्याने प्रकरणाचे क्वचितच नुकसान होते.

आता तिसरा माणूस, तो शेजारी. त्याच्याबाबतीत तुम्ही लिहिले आहे की त्याच्या कादंबरीचा विषय पश्चात्ताप आहे. मला हे फार सोयीचे वाटते. पहिल्या पुस्तकात अपराधभाव, तिसऱ्यात पश्चात्ताप, म्हणजे दोघेही पुन्हा त्याच दाराशी येऊन उभे राहतात. मी तुम्हाला एक अवघड शक्यता सुचवते: शेजाऱ्याला ती संध्याकाळ आठवतच नाही. संपाच्या दिवसांत तो अशा कित्येक दारांत उभा राहिला असेल, कित्येकांना हाच प्रश्न विचारला असेल, आणि त्यातले एक दार एका कुटुंबाच्या इतिहासात कोरले गेले याची त्याला कल्पनाही नसेल. त्याचा आत्मशोध संपाविषयीचा असू द्या. ज्या लढ्यासाठी आपण शेजाऱ्यांवर नजर ठेवली, तो लढा जिंकला नाही आणि रीतसर संपलाही नाही. मग आपण त्या दिवसांत कोण होतो, याचे उत्तर तो कुठे शोधेल? गिरणीच्या जागी मनोरा उभा राहिला आहे आणि तो त्या परिसरात रखवालदार आहे, हे कृपा करून करू नका. प्रत्यक्षात असे झाले असेलही, पण इतक्या हस्तलिखितांत ते मी वाचले आहे की आता त्यातून काही उमटत नाही. एखाद्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे वाक्य दुसऱ्याच्या स्मरणातही नाही, हे वाचकाला तिसऱ्या पुस्तकात हळूहळू समजत गेले तर तिन्ही पुस्तके वाचल्याचे सार्थक होईल.

म्हणजे आतापर्यंतचे सांगणे असे झाले: तिघांचे प्रश्न वेगळे ठेवा, सामाईक घटनेचे वजन प्रत्येक पुस्तकात बदला, अढळ तपशील आणि स्मृतीतले तपशील वेगळे सांभाळा, आणि पात्रांना एकमेकांचे सत्य कळू देण्याची घाई करू नका.

हे जमते आहे की नाही, यावरून भागांचा प्रश्न आपोआप सुटेल. बहिणीचा स्वतंत्र प्रश्न दीडशे-दोनशे पाने स्वतःच्या बळावर पेलतो असे दिसले तर तिला वेगळे पुस्तक द्यावे. तो साठ-सत्तर पानांतच संपत असेल तर ओढूनताणून कादंबरी करण्यापेक्षा तीन लघुकादंबऱ्या एका पुस्तकात घ्याव्यात. गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया' (१९८०) या पुस्तकात तीन लघुकादंबऱ्या एकत्र आहेत. त्यांचे कथानक एक नाही, तरी तिन्ही शेजारी ठेवल्याने त्यांच्यात एक संवाद सुरू होतो. आणि अनेक आवाज एकाच कादंबरीत आणायचे असतील तर वामन मल्हार जोशी यांनी 'इंदू काळे व सरला भोळे' (१९३४) मध्ये पत्रांच्या आधाराने ते करून ठेवलेच आहे. आणखीही एक मार्ग आहे: बहिणीचे पुस्तक लिहूच नये आणि तिच्याकडे काहीतरी आहे, ते आपल्याला मिळणार नाही, एवढेच पहिल्या कादंबरीत जाणवून द्यावे. एलेना फेरान्ते यांच्या नेपल्सच्या चार कादंबऱ्यांत (२०११ ते २०१४) निवेदिका मैत्रिणीने विश्वासाने सोपवलेल्या वह्यांची पेटी आर्नो नदीत ढकलून देते आणि हे स्वतःच आपल्याला सांगते. चारही पुस्तके त्या गमावलेल्या बाजूच्या सावलीत वाचली जातात. पण तुमची खाणावळ वाया घालवण्याइतकी लहान नाही, त्यामुळे हा मार्ग मी शेवटचा ठेवेन.

छापण्याच्या क्रमाविषयी माझे मत ठाम आहे. दुसऱ्या कादंबरीचा निदान पहिला पूर्ण खर्डा हातात आल्याशिवाय पहिली छापायला देऊ नका. छापून गेलेला तपशील मागे घेता येत नाही. खोली कितव्या मजल्यावर होती, बहीण कोणत्या इयत्तेत होती, वडील कोणत्या पाळीला गेले, यांतला एखादा तपशील दुसऱ्या पुस्तकाच्या आड आला तर तुम्हाला पुढची सगळी वर्षे त्याला वळसा घालत लिहावे लागेल. प्रकाशकाशी बोलताना मात्र त्रयीचा फार गाजावाजा करू नये. मराठीत एकेकाळी हजार प्रतींची आवृत्ती ही रीत होती, आता पुष्कळ प्रकाशक त्याहून कमी प्रतींनी सुरुवात करतात, आणि अपुऱ्या मालिकेचा पहिला भाग विकत घ्यायला वाचक कचरतो हा त्यांचा अनुभव खोटा नाही. म्हणून मुखपृष्ठावर 'भाग पहिला' असे छापू नका आणि प्रस्तावनेत पुढच्या पुस्तकांचे आश्वासन देऊ नका. दुसरी कादंबरी आल्यावर तिच्या मलपृष्ठावर एका ओळीत पहिलीचा उल्लेख केला की पुरते. ज्याने पहिली वाचलेली नाही, त्यालाही बहिणीची कादंबरी स्वतंत्रपणे वाचता यायला हवी, आणि ती वाचून तो पहिलीकडे वळला तर त्याचा वाचनानुभव आधी पहिली वाचणाऱ्यापेक्षा वेगळा पण तितकाच पूर्ण असायला हवा. हे होते आहे का ते पाहण्यासाठी पहिला खर्डा न वाचलेल्या दोन-तीन जणांना थेट दुसराच वाचायला द्या, आणि त्यांना पुढे किंवा मागे काही असल्याचे सांगू नका.